स्क्रीनवर ‘व्हायरस सापडला’ असं आलं? घाबरून बोट लावण्याआधी हे वाचा

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मोटारीची थ्री फेज लाईट रात्री बाराला येणार होती. तोवर जागं राहायचं म्हणून लॅपटॉप उघडला आणि आमच्या जुन्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं माहितीपुस्तक पीडीएफमध्ये कुठं मिळतंय का ते शोधत बसलो. चौथ्या-पाचव्या वेबसाईटवर डाउनलोडचं मोठं हिरवं बटण दिसलं. दाबलं. लगेच खाली उजव्या कोपऱ्यात अँटीव्हायरसचा छोटा चौकोन आला, धोका आढळला आणि अडवला म्हणून. मी तो चौकोन बंद केला आणि बटण परत दाबलं. परत तोच इशारा. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा दुसरंच पान उघडलं. पूर्ण स्क्रीन भरून लाल-निळं, भोंग्यासारखा आवाज, आणि इंग्रजीत एक बाई सांगतेय की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस आहेत, बँकेची माहिती चोरीला जातेय, कॉम्प्युटर बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा.

त्याच आठवड्यात सोसायटीचं पीककर्ज खात्यावर जमा झालं होतं आणि बँकेचं पान मी याच लॅपटॉपवर उघडलेलं होतं. खोटं कशाला बोलू, हात कापत होते. तो नंबर मोबाईलवर टाईपसुद्धा केला. तेवढ्यात लाईट आली आणि ज्वारीला पाणी लावायला पळावं लागलं. दोन तासांनी परत आलो तेव्हा डोकं जरा थंड झालं होतं. लॅपटॉप मिटला आणि झोपलो, पण झोप काही लागली नाही.

सकाळी तालुक्याच्या गावी एका दुकानात लॅपटॉप नेला. त्यांनी चालू न करताच सांगितलं, ‘फॉरमॅट मारावं लागेल, डेटा राहणार नाही.’ दोन वर्षांचे बातम्यांचे फोटो, अतिवृष्टीचे, पंचनाम्याचे, सगळे त्यात. मन होईना. शेवटी पुण्यात कॉम्प्युटरचं काम करणाऱ्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘मामा, तुम्ही काही उघडलं का? काही इन्स्टॉल केलं का? कुणाला फोन केला का?’ तिन्हीला नाही. मग त्याने फोनवरूनच वीस-पंचवीस मिनिटं तपासणी करून घेतली. लॅपटॉपमध्ये काहीही नव्हतं.

त्या रात्री मला दोन इशारे आले होते, एक खरा आणि एक खोटा. खऱ्याला मी दोनदा झिडकारलं आणि खोट्याला फोन लावायला निघालो होतो. आपल्याकडे बऱ्याच जणांचं असंच होतं, म्हणून भाच्याने जे सांगितलं आणि नंतर मी जे शोधून वाचलं ते इथं देतोय.

वेबसाईटला तुमचा मोबाईल तपासता येत नाही

हे एक वाक्य डोक्यात पक्कं बसलं तर निम्मी भीती जाते. क्रोम किंवा दुसऱ्या कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडलेलं पान म्हणजे खिडकीच्या काचेपलीकडचा माणूस. तो काचेवर काहीही चिकटवू शकतो, पण तुमच्या घरातली कपाटं उघडून बघू शकत नाही. ब्राउझर मुद्दाम तसाच बनवलेला असतो. वेबसाईटला आतल्या फाईली दिसत नाहीत, मग व्हायरस मोजायचे कसे? म्हणजे ‘पाच व्हायरस सापडले’ हे आधीच लिहून ठेवलेलं असतं. तुम्हालाही पाच, शेजाऱ्यालाही पाच. मोबाईलवर ‘तुमचा फोन २८.१ टक्के खराब झाला आहे’ असं पान येतं, तेही तसंच. टक्केवारीत पॉइंट घातला की खरं वाटतं, एवढाच त्याचा उपयोग.

‘पण त्यात माझ्या मोबाईलचं नाव बरोबर होतं’ असं एक जण मला म्हणाला. बरोबर आहे. मोबाईलचं मॉडेल आणि नेट कुठल्या शहरातून येतंय याचा अंदाज, एवढं कुठल्याही वेबसाईटला कळू शकतं. त्यातही गावात बसलेल्या माणसाला बऱ्याचदा मुंबई नाहीतर पुणे दाखवतात, कारण कंपनीचं नेट तिथून फिरून येतं.

फोन नंबर हा सगळ्यात पक्का पुरावा. मायक्रोसॉफ्टनेच सांगून ठेवलंय की त्यांच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की समजायचं, समोर कॉल सेंटरवाला बसलाय. तो एनीडेस्कसारखं ॲप घ्यायला सांगतो, तुमची स्क्रीन स्वतःच्या हातात घेतो, मग काळ्या पडद्यावर अक्षरं पळवून घाबरवतो आणि पैसे मागतो, नाहीतर बँकेचं पान उघडायला लावतो. असली सेंटर आपल्याच देशात चालतात हे वाईट वाटतं, पण खरं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र २’ नावाने देशभर ७६ ठिकाणी छापे टाकले. त्यातली काही प्रकरणं मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारीवरची होती.

मग खरा इशारा कुठला?

कोपऱ्यात आला म्हणजे खरा, असंही नाही. वेबसाईटवर ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा’ असं येतं. ते दाबलं की त्या वेबसाईटला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मिळते, आणि मग दिवसभर कोपऱ्यात खोटे इशारे येत राहतात. वेबसाईट बंद केली तरी येतात, म्हणून माणसाला वाटतं की व्हायरस आत शिरलाच. नीट बघितलं तर त्या चौकोनात बारीक अक्षरात ब्राउझरचं आणि वेबसाईटचं नाव असतं.

भाच्याने सांगितलेली खात्रीची पद्धत अशी. इशाऱ्यावर क्लिक करायचंच नाही. तो बाजूला सारायचा आणि अँटीव्हायरस आपण स्वतः उघडायचा. विंडोज १० आणि ११ मध्ये कंपनीचा स्वतःचा अँटीव्हायरस फुकट आणि आधीपासूनच असतो. स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ टाईप करा, त्यात ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ आणि खाली ‘प्रोटेक्शन हिस्टरी’. खरा इशारा असेल तर तारीख-वेळेसकट त्याची नोंद तिथे सापडते. विकतचा अँटीव्हायरस असेल तर त्यातही हिस्टरी किंवा रिपोर्ट असतोच. नोंद नाही म्हणजे तो इशारा बाहेरचा.

माझ्या हिस्टरीत दोन नोंदी होत्या आणि दोन्हींपुढे ‘ब्लॉक्ड’ लिहिलेलं होतं. या शब्दाला आपण घाबरतो, खरं तर तो दिलासा देणारा शब्द आहे. कुत्रं भुंकलं आणि चोर कुंपणावरूनच पळाला, असा त्याचा अर्थ. कधी ‘क्वारंटाईन’ लिहिलेलं असतं. कोरोनात बाहेरगावाहून आलेल्यांना शाळेत ठेवायचो, तसंच हे. फाईल पकडून वेगळ्या खोलीत कोंडली आहे, तिथून ती चालू होऊ शकत नाही. बऱ्याचदा ती फाईल ब्राउझरच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये म्हणजे कॅशमध्ये सापडलेली असते. ती तिथे येऊन पडली होती, चालू झाली नव्हती, एवढाच अर्थ.

‘अलाऊड’ किंवा ‘ॲक्शन नीडेड’ लिहिलेलं असेल तर मात्र लक्ष द्या. ‘अलाऊड’ म्हणजे कुणीतरी, बहुतेक घरातल्याच कुणीतरी, अँटीव्हायरसला ‘राहू दे’ असं सांगितलेलं असतं. फुकटचं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकताना दुकानदार अँटीव्हायरस बंद करायला सांगतात ना, तो हाच प्रकार. फुकट मिळालं म्हणून आपणही खूश असतो.

मोबाईलवर क्रोममध्ये पूर्ण लाल रंगाचं पान येऊन ‘पुढची साईट धोकादायक आहे’ असं सांगितलं जातं, ते खरं असतं. ते गुगलचं आहे. त्यात फोन नंबर नसतो, पैसे मागत नाहीत, फक्त मागे फिरा म्हणतात. फिरायचं.

आणखी एक इशारा येतो, ‘तुमचं कनेक्शन खाजगी नाही’ असा. महा ई-सेवा केंद्रातल्या जुन्या कॉम्प्युटरवर हा फार दिसतो. तो एकाच वेबसाईटवर नाही, सगळीकडेच यायला लागला तर आधी खाली कोपऱ्यात तारीख बघा. आतली बटणाएवढी बॅटरी संपली की कॉम्प्युटर बंद केल्यावर तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की प्रत्येक वेबसाईटचं प्रमाणपत्र त्याला चुकीचं वाटतं. सीआर २०३२ नावाचा तो सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. त्याच्यासाठी फॉरमॅटचे पैसे देऊ नका. तारीख बरोबर असूनही बँकेच्या पानावर हा इशारा आला तर मात्र तिथे पासवर्ड टाकू नका.

नुसतं पान उघडल्याने व्हायरस येतो का?

येऊ शकतो, पण आता कमी. त्यासाठी तुमचा ब्राउझर किंवा विंडोज जुनं, अपडेट न केलेलं असावं लागतं. गावाकडे अडचण इथंच आहे. अजून कितीतरी ठिकाणी विंडोज ७ चालतं. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला बंद झाला, आणि क्रोमच्या नव्या आवृत्त्याही २०२३ पासून त्यावर मिळत नाहीत. विंडोज १० चा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या मशीनवर टायपिंग करा, झेरॉक्सचे प्रिंट काढा, पण बँकेचं काम नको.

अपडेट असलेल्या मशीनवर खरा प्रश्न भाच्याने मला विचारला तोच, वेबसाईट बघितल्यानंतर तुम्ही काय केलं? फाईल उघडली, ॲप टाकलं, ओटीपी दिला, फोन केला, तर धोका. हल्ली कॉम्प्युटरवर एक नवीन प्रकार आलाय, तो नीट ध्यानात ठेवा. ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ असं येतं आणि सांगतात, विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. सोपं दिसतं. पण वेबसाईटने गुपचूप एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते आणि ती तुम्ही स्वतःच्या हाताने कॉम्प्युटरला देता. हे केलं असेल तर नेट तोडा आणि मशीनला लागण झाली असं धरूनच चाला.

इशारा आला त्या क्षणी

कॉम्प्युटरवर स्क्रीन अडकली असेल तर एस्केपचं बटण थोडा वेळ दाबून धरा, पूर्ण स्क्रीन लहान होते. नाही झाली तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर निवडून ‘एंड टास्क’ करा. तेही जमेना तर पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा. ‘बंद करू नका’ असं तेच लोक सांगत असतात, म्हणून बंद करायचं. परत चालू केल्यावर ब्राउझर विचारतो, मागची पानं उघडू का? नाही म्हणायचं.

मग विंडोज सिक्युरिटीत ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये जाऊन फुल स्कॅन लावा. त्याला काही तास लागतात, रात्रीचं लावून ठेवा. मनातली शंका जातच नसेल तर तिथेच ‘ऑफलाईन स्कॅन’ आहे. त्यात कॉम्प्युटर बंद-चालू होतो आणि विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच साधारण पंधरा मिनिटांत तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेलं सॉफ्टवेअरही सापडतं. दोन अँटीव्हायरस एकदम टाकू नका, ते एकमेकांनाच अडवत बसतात आणि मशीन बैलगाडी होते. केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून चालू आहे, त्याच्या सीएसके डॉट जीओव्ही डॉट इन या वेबसाईटवर सफाईची साधनं फुकट मिळतात. मोबाईलसाठी ‘एम-कवच २’ नावाचं ॲप सी-डॅकने बनवलंय.

अँड्रॉइड मोबाईलवर एवढं करा. ते पान बंद करा. क्रोमच्या तीन ठिपक्यांत सेटिंग्ज, साईट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे कधी न ऐकलेल्या वेबसाईटची नावं दिसतील, ती ब्लॉक करा. दहापैकी आठ जणांचा ‘व्हायरस’ माझ्यासमोर एवढ्यानेच गेला. डाउनलोड्समध्ये अनोळखी फाईल असेल तर न उघडता डिलीट करा. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर बोट लावून ‘प्ले प्रोटेक्ट’ उघडा आणि स्कॅन करा.

क्रोम बंद असतानाही होम स्क्रीनवर जाहिराती येतात का? मग एखादं ॲप शिरलंय. सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत जाऊन अलीकडे आलेली ॲप बघा. टॉर्च, क्लीनर, बॅटरी सेव्हर अशी नावं घेऊन ती बसलेली असतात. अनइन्स्टॉलचं बटण दबत नसेल तर सेटिंग्जच्या शोधात ‘डिव्हाईस ॲडमिन’ टाईप करून तिथली त्या ॲपची परवानगी काढा, मग दबतं.

खरी भीती एपीकेची

एवढं सगळं सांगितलं, तरी आपल्या तालुक्यांत लोकांचं नुकसान वेबसाईटच्या इशाऱ्याने कमी आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या एपीके फाईलने जास्त होतंय. ‘पीएम किसान’, ‘लग्नपत्रिका’, ‘आरटीओ चलान’, ‘बँक केवायसी’ अशी नावं असतात आणि शेवटी एपीके. पीएम किसानचे वर्षाला ६००० रुपये, दोन-दोन हजाराचे तीन हप्ते. हप्ता अडकला की माणूस ई-केवायसीसाठी काहीही दाबायला तयार होतो, हे त्या चोरांना आपल्याइतकंच माहीत आहे. पाठवणारा ओळखीचा असतो, कारण आधी त्याचाच मोबाईल गेलेला असतो आणि तिथून फाईल गावच्या सगळ्या ग्रुपवर पडते. लग्नाची पत्रिका फोटोत येते, पीडीएफमध्ये येते. एपीके म्हणजे ॲप. पत्रिकेचं ॲप असायचं काही कारणच नाही.

हे ॲप मेसेज वाचायची परवानगी मागतं. दिली की बँकेचा ओटीपी आपल्याआधी त्यांच्याकडे जातो. काही ॲप तर टाकल्यावर चिन्हसुद्धा गायब करतात, माणसाला वाटतं इन्स्टॉल झालंच नाही.

टाकलं गेलंच असेल तर पहिलं काम, फ्लाईट मोड चालू करा आणि सिम काढून घ्या. मग घरातल्या दुसऱ्या मोबाईलवरून बँकेला फोन करून यूपीआय, नेट बँकिंग आणि कार्ड बंद करायला सांगा. बँकेचा नंबर पासबुकवरून किंवा एटीएम कार्डच्या मागून घ्या. गुगलवर शोधू नका, तिथे खोटे नंबर असतात. पैसे गेले असतील तर लगेच १९३०. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर आहे. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता जास्त, म्हणून ‘सकाळी बघू’ म्हणू नका. लेखी तक्रार सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या वेबसाईटवर करता येते. फाईल कुणी पाठवली, कितीला पाठवली याचे फोटो दुसऱ्या मोबाईलने काढून ठेवा, व्यवहाराचा नंबर लिहून ठेवा. ते झाल्यावरच ॲप काढा. खात्री वाटत नसेल तर मोबाईल रिसेट मारा, पण पुरावा घेण्याआधी रिसेट करू नका. आमच्या शिवारातल्या एकाने घाईत तेच केलं आणि पोलीस ठाण्यात दाखवायला त्याच्याकडे काही उरलं नाही.

पासवर्ड बदलायचे तेही दुसऱ्या मोबाईलवरून. ज्या मशीनची शंका आहे त्याच्यावरच नवीन पासवर्ड टाकला तर नवीनही त्यांना मिळाला. आपला मोबाईल साफ झाल्यावर व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ बघा, अनोळखी असेल ते लॉगआऊट करा. आणि ##००२# डायल करा, कुणी तुमचे कॉल गुपचूप दुसऱ्या नंबरवर वळवले असतील तर ते बंद होतात.

बँक हात वर करते तेव्हा हे माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात सांगितलंय की चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, मधल्याच कुणाची आहे, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान ग्राहकावर येत नाही. ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार नंबर लिहून घ्यायलाच हवा. शाखेत अर्ज दिला तर त्याच्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. सहकारी बँकांसाठीही असंच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघालंय.

माझ्या लॅपटॉपचं सांगायचं राहिलं. फुल स्कॅन रात्रभर चालला, काही निघालं नाही. तरी मनाच्या समाधानासाठी भाच्याच्या मोबाईलवरून बँकेचा पासवर्ड बदलला आणि सगळे फोटो एका हार्ड डिस्कवर उतरवून घेतले. ट्रॅक्टरचं पुस्तक शेवटी एका जुन्या मिस्त्रीकडे कागदी मिळालं, त्याची झेरॉक्स मारून आणली.